बोअरमामांनी सांगितलेला सिनेमा

‘थांबा, सांगतो,’ म्हणत बोअरमामा हातातला पाना वर करायचे, आणि समोरचा कितीही घाईत असला तरी थांबायचा. शाळेच्या बोअरची मोटार का बंद पडली विचारा, नाहीतर चहात साखर किती टाकू विचारा, सुरुवात हीच. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. उत्तर देण्याआधी समोरच्याला जागेवर उभं करायची त्याला भारी हौस असते.

गुडीहत्नूरजवळच्या आमच्या गावात मराठी शाळा आहे, तिथं मी शिकवते. मामा आसपासच्या बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचे. शाळकरी वयातच बापानं त्यांना तमिळनाडूच्या बोअरगाडीवर कामाला धाडलं होतं. मिशी फुटल्यावर परतले ते फाडफाड तमिळ घेऊनच. इथं त्या भाषेचा काडीचा उपयोग नव्हता.

एकदा मात्र झाला. कापूस फुटला की आमचे वर्ग रिकामे होतात. त्या वर्षी सातवीतल्या मनीषाचा नंबर लागला. पोर हुशार, पण तिचा बाप मला तोंडावर म्हणाला, ‘वेचणीले मानसं भेटून नाही राह्यले, मॅडम. सोमवारपासून थे नाही येनार.’ एकदा वेचणीला गेलेली पोर परत वर्गात बसत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे.

हेडमास्तरांनी शनिवारी दुपारी पालकांना बोलावलं, लहान मुलांच्या मजुरीवरचा एक सिनेमा दाखवायला. खिडक्यांना सतरंज्या लावल्या, पेनड्राइव्ह लावला, आणि सिनेमा निघाला तमिळ. हेडमास्तरांना घाम फुटला. मामा मागच्या अंगाला मोटार खोलून बसले होते, ते हात पुसत आत आले.

‘थांबा, सांगतो.’

मग काय विचारता. वीटभट्टीचा ठेकेदार पडद्यावर आला, तर म्हणाले, ‘हा लबाड हाये, याच्याकडं ध्यान ठेवा.’ गाणं लागलं, तर म्हणाले, ‘यात काई नाही. ज्याले पानी प्याचं त्यानं पिऊन या.’ बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मनीषाचा बाप तेवढा दारातच उभा होता. चपलाही काढल्या नव्हत्या त्यानं.

मग तो प्रसंग आला. बाप आपल्या पोराला ठेकेदाराच्या टेम्पोत चढवतो. बाप बघणाऱ्यांकडं पाठ करून उभा आहे, पोरगा त्याच्याकडं बघतोय. मामा एकदम हळू आवाजात सांगू लागले.

‘बाप म्हन्ते, पोरा, तू शाळेत चांगला होता, मले ठाऊक हाये. माह्यानं घर चालून नाही राह्यलं म्हून तुले धाडतो. चूक माही हाये, तुही नाही. माफ कर मले.’

मी दाराकडं पाहिलं, तर मनीषाचा बाप निघून गेला होता. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

सोमवारी त्यानंच मनीषाला गाडीवर आणून सोडलं. म्हणाला, ‘वेचणी आमी दोघं नवरा-बायको करू. मांगं राहीन थोडी, राहू द्या.’ मला इतका आनंद झाला, की दिवसभर मी कोणावर ओरडले नाही.

पुढं तोच सिनेमा मी घरी मोबाइलवर पाहिला, खाली इंग्रजीत अर्थ येणारा. त्या प्रसंगात बाप एक शब्द बोलत नाही. मामा पुन्हा शाळेची मोटार दुरुस्त करायला आले तेव्हा मी गाठलंच त्यांना.

‘मामा, तो बाप तर गप्पच उभा असतो.’

‘गप्पच हाये थो,’ मामा नट आवळत म्हणाले.

‘मग तुम्ही सांगितलं ते?’

‘माहा बापबी बोलला नोता, मॅडम. गाडी निघाली तवा दुसरीकडं तोंड करून उभा होता.’ त्यांनी पाना खाली ठेवला. ‘त्याले काय म्हनाचं असन, थे मी इतके वर्सं मनातल्या मनात जमवत बसलो. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.’

मामा गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांना पोचवून आल्यावर मनीषाचा बाप ओट्यावर बसून कोणालातरी तो सिनेमा सांगत होता. पडद्यावरचा बाप काय म्हणाला, ते त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. मला पाहून त्यानं विचारलं, ‘असंच म्हने ना थो, मॅडम?’

मी म्हटलं, ‘हो, असंच.’