माहेरच्या डोहाचा कायदा

खालच्या बोरटाकळीचा उत्तमराव औरंगाबादेत विद्यापीठात आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा शिकतो, हे १९७४ साली गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हणजे नेमकं काय शिकतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वडील दगडोबा पारावर सांगत, "पोरगं देशादेशांची भांडणं मिटवायचं शिकून राहिलं."

"आन् बांधाची?" कोणीतरी विचारी.

"ती अवघड असत्यात," दगडोबा म्हणत. "त्याला अजून दोन वर्सं लागतील."

स्टॉकहोमची परिषद होऊन दोनच वर्षं झाली होती. त्यामुळे या विषयावर ग्रंथालयात दीड पुस्तक होतं. अर्ध्याची मागची पानं कसरीनं वाचून संपवली होती. उत्तमरावाला त्या परिषदेचं एक तत्त्व तोंडपाठ होतं. प्रत्येक देश आपल्या हद्दीत राजा. पण आपल्या हद्दीतली घाण शेजाऱ्याच्या अंगणात जाऊ द्यायची नाही. एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही तो ते ऐकवी. माणूस पुढच्या थांब्याला उतरे.

प्रबंध लिहून झाला होता, पण मार्गदर्शक सर सही करीनात. "तत्त्व गोड आहे," ते म्हणाले. "पोलीस नाही, कोर्ट नाही, अशा ठिकाणी ते कुणी पाळल्याचं एक उदाहरण आण. दिवाळीनंतर आण. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

उत्तमराव वह्यांचं गाठोडं घेऊन घरी आला आणि ओढ्यापाशीच नाक दाबून उभा राहिला. वरच्या बोरटाकळीनं डोहात अंबाडी भिजत घातली होती. अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात सडवल्याशिवाय सालीतला धागा, वाख, सुटत नाही, आणि वाखाशिवाय दोर नाही, हे खरं. पण सडल्या अंबाडीचं काळं पाणी खालच्या गावात उतरलं की म्हशी पाण्याला तोंड लावीत नसत.

"वरच्यांनी पाणी नासवलं," आई द्वारकाबाई दारातूनच म्हणाली. ही तक्रार गावात सगळ्यात मोठ्या आवाजात तिचीच असे. वरची बोरटाकळी हे तिचं माहेर होतं, त्यामुळे तिला तसा अधिकारही होता.

उत्तमरावाला मात्र त्या वासात सरांची सही दिसली. वर एक राज्य, खाली एक राज्य, मधून वाहतं पाणी. त्यानं रात्र व्हायच्या आत नऊ कलमांचा करार लिहिला आणि सकाळी तो घेऊन सोनाजीमामाकडे गेला.

मामानं चार माणसं जमवली. डोहाच्या काठावर उभं राहून उत्तमरावानं नऊच्या नऊ कलमं वाचली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"बराबर हाय," मामा म्हणाला. "ज्यानं पाणी नासवलं त्यानं पेंढ्या काढाव्या. मंग कोणाच्या कोणाच्या हायेत, पाहू."

पेंढ्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून दर घर आपल्या पेंढीला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधी. मामा पाण्यात उतरला आणि एकेक चिंधी वर करून नाव सांगू लागला. पाचव्या पेंढीला पोपटी चिंधी होती. उत्तमरावानं चष्मा पुसला. लहानपणी तो ज्या गोधडीत झोपला, तिचा काठ तोच होता.

"ही तर आईची."

"व्हय. बाई दरसाल धाडती," मामा शांतपणे म्हणाला. "आन् ही जनकाची, तुमच्या गावात दिलेली. ही शालूची. तीबी तुमच्याकडलीच."

एकोणीस घरांच्या चिंध्या निघाल्या. त्यातल्या अकरा खालच्या गावात दिलेल्या लेकींच्या होत्या. चारही माणसं आता कराराकडे फार आदरानं पाहत होती.

घरी येऊन उत्तमरावानं आईला विचारलं, "आपल्याच पेंढ्यांचा वास येतो, तरी वरच्यांना शिव्या काहून देती?"

"मंग इथं भिजवू? इथं वास मारती ना," द्वारकाबाई म्हणाली. "आन् माहेरच्या डोहात लेकीचा हक्क असतो."

"तिकडं स्टॉकहोमला सगळ्या देशांनी ठरवलंय, आई."

"त्या गावात कोणाच्या लेकी दिल्यात का?"

दीड पुस्तकात लेकींवर एक ओळही नव्हती. उत्तमरावानं करार घडी करून गाठोड्यात घातला आणि ओसरीवर आडवा झाला. "आता सर काही सही करीत नाहीत," तो आढ्याला म्हणाला. "वर्ष गेलं."

चूल फुंकता फुंकता द्वारकाबाई थांबली. "या वासापायी तुझी सही अडली व्हय?"

"व्हय."

"मंग हे आधी सांगायचं. नऊ कलमं काहून वाचत बसला?"

भाऊबीजेला ती माहेरी गेली. सोनाजीला ओवाळलं. त्यानं ताटात चोळीचा खण टाकला, तो तिनं उचलून बाजूला ठेवला.

"खण नगं. दुष्काळाच्या साली मुरूम काढलेला तुझ्या रानातला खड्डा पावसानं भरलाय. लेकींच्या पेंढ्या तिथं घाल. आन् आमच्या तिथं गेल्या, की तुमच्याबी."

"आमच्या काहून?"

"खाली तुझी बहीण पाणी भरती म्हून."

ओवाळणी मागितल्यावर भावाला नाही म्हणता येत नाही. शिवाय त्याच दुपारी जनका, शालू आणि बाकीच्या लेकींनीही आपापल्या भावांकडे तीच ओवाळणी मागितली. द्वारकाबाई आदल्या दिवशी घरोघर फिरून आली होती. तिसऱ्या दिवशी डोह रिकामा झाला. आठवड्यानं ओढा निवळला, आणि दगडोबाची म्हैस पोटभर पाणी प्यायली. उत्तमराव शेजारी वही घेऊन उभा होता.

औरंगाबादेत सरांनी शेवटचं प्रकरण दोनदा वाचलं. "करार कुणी अमलात आणला?"

"अकरा बहिणींनी, सर."

"आणि मोडला तर शिक्षा?"

"पुढच्या भाऊबीजेला ओवाळायला कोणी येणार नाही."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. प्रबंध द्वारकाबाईनं बांधून दिला होता, त्याच सालच्या अंबाडीच्या सुतळीनं. सही करताना सरांनी खिडकी उघडायला सांगितली.