साडेपाचला उघडणारा व्हरांडा

हौसामावशी गेली, हे मला ठाण्याला कॉलेजच्या फाटकाबाहेर कळलं. परीक्षेपुरती मी खोपटला आत्याकडे राहत होते. पेपर संपवून बाहेर आले तर रस्त्यापलीकडे आई उभी, कंपनीच्या निळ्या साडीत. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच इथवर आली होती. "आत यायचंस ना गं," मी म्हटलं. "आम्हाला सोडतात का, मला काय ठाऊक," ती म्हणाली, आणि मग हळूच, "हौसाबाई गेल्या. झोपेतच... पोरं येऊन शाळेच्या फाटकाशी बसलेली, बाई आल्याच नाहीत." कबूल करते, मला मावशीच्या आधी ती पोरंच दिसली. कारण एके काळी मीही तिथेच बसायचे.

मावशी शहाडच्या आमच्या शाळेत शिपाई होती. तिचं काम सातला शाळा उघडायची, झाडायची, साडेसातला घंटा द्यायची. पण आमच्या वस्तीतल्या बहुतेक आया औषधांच्या कंपनीत पॅकिंगला, पहिल्या पाळीला. पावणेसहाला घर सोडावं लागे, म्हणून त्या आम्हाला अर्धवट झोपेत शाळेच्या फाटकाशी सोडून पळत. मी दुसरीत असताना एका पोराला तिथे कुत्रा चावला. दुसऱ्या दिवसापासून मावशीने कुणालाही न विचारता साडेपाचला व्हरांडा उघडला. स्टो आणला, मोठं पातेलं आणलं आणि सगळ्या आयांना सांगितलं, रोज प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ आणायचे, सगळ्यांची एक पेज होईल. जिची त्या दिवशी सुट्टी असेल ती आई येऊन वेण्या घालून देई. सगळ्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी, त्यामुळे कुणीतरी असायचंच.

माझ्या आईने मात्र तांदूळ दिले नाहीत. "घरूनच खाऊन आले म्हण," तिने मला बजावलं. आमच्या घरचे तांदूळ सगळ्यांच्या पातेल्यात पडले तर कुणीतरी बोलेल, ही तिची भीती होती. गावाकडे तिने ते भोगलं होतं. मी चार दिवस खांबाला टेकून इतरांचं खाणं बघत बसले. पाचव्या दिवशी मावशी संध्याकाळी आमच्या घरी आली, उंबऱ्यावरच उभी राहिली. "काय गं, पोरीच्या पोटातली कावळ्यांची शाळा माझ्या शाळेपर्यंत ऐकू येते. उद्यापासून तुझी मूठ पहिली पडंल. नाय पडली तर मी स्टो पेटवणार नाय." आईने विचारलं, "आणि कुणी बोललं तर?" मावशी हसली. "बोलंल त्याने आपलं पोर फाटकाबाहेर बसवावं. कुत्रा हाय तिथं अजून." दुसऱ्या दिवशी आईची मूठ पहिली पडली, आणि दोन घरं खरंच बोलली. त्यांची पोरं तीन दिवस आली नाहीत... चौथ्या दिवशी आली. आयांची पाळी काही बदलली नव्हती.

मग हेडसरांनी किल्ली काढून घेतली. शाळा म्हणजे धर्मशाळा नव्हे, वेळ साडेसातची, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मावशी म्हणाली, "सर, तुमची पोरं साडेसातला येतात, कारण घरी त्यांची आई हाय." सर लालबुंद झाले. त्या शनिवारी पालकसभा होती. ती नेहमी सकाळी अकराला असे, म्हणून आमच्या आया कधीच नसत. या वेळी सतरा जणींनी अर्धी रजा टाकली आणि निळ्या साड्यांत येऊन पहिल्या दोन रांगांत बसल्या. त्यांना बघूनच सरांनी व्हरांडा दिला, पण किल्ली शिपायाकडे राहणार नाही, मी स्वतः उघडीन, असा नियम केला. झालं! सरांना रोज कल्याणहून साडेपाचला यावं लागलं. मफलर गुंडाळून, जांभया देत ते यायचे आणि मावशी अगदी अदबीने म्हणायची, "या सर, आज दोन मिनिटं उशीर." अकराव्या दिवशी सरांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि त्याच पातेल्यातली वाटीभर पेज पिऊन गेले.

गेल्या महिन्यात शाळेत शोकसभा झाली. संस्थेचे एक गृहस्थ म्हणाले, हौसाबाई म्हणजे गरिबांच्या लेकरांना दयेचा घास देणारी अन्नपूर्णा. मला सभेत बोलायची सवय नाही, तरी उठले. म्हटलं, "दया नव्हती ती. तांदूळ आमचे होते. आमच्या आया कामावर जात होत्या, भीक मागायला नाही. मावशीने फक्त दार वेळेवर उघडलं, आणि ते उघडायलाच हवं होतं." एवढं बोलून मी बसले. आई माझ्याकडे बघत नव्हती, पण तिने माझा हात घट्ट धरला होता.

नवा शिपाई नेमेपर्यंत व्हरांडा बंद, किल्ली कार्यालयात जमा करावी, असा निरोप आला आहे. किल्ली मावशीच्या मुलाने माझ्याकडे दिली आहे. व्हरांडा साडेपाचला उघडत राहावा म्हणून मी शाळेला अर्ज लिहिला. आधी 'नम्र विनंती' लिहिलं होतं, मग ते खोडलं. उत्तर अजून नाही. किल्ली मी जमा केलेली नाही.

माझं पहिलं लेक्चर दहाला असतं, तोवर व्हरांडा सांभाळायला जमतं. पहिल्या दिवशी पातेल्यात पाणी किती घालायचं ते मला कळेना. दुसरीतली एक मुलगी शेजारी उभी राहून सांगत होती, "अजून एक तांब्या, ताई... बास." तरी पेज पातळच झाली. एक पोरगं वाटीत बघून म्हणालं, "मावशीची अशी नसायची."

"नसायचीच," मी म्हटलं. "पी. उद्या बघू."