अण्णांच्या सुरांवर माझे सूर

“ही हलगी काढा. पडद्यातनं म्हारवड्याचा वास येतोय.”

सांगलीच्या टॉकीजात सकाळी आमच्या पिक्चरचा ट्रायल शो चालू होता. बोलले ते मालक. उसावर मोठे झालेले, पिक्चरला पैसा त्यांचाच. सगळे हसले. मीही हसलो.

हलगी अण्णांची होती. अण्णा त्या पिक्चरचे संगीतकार. दाराशी उभे होते. बसा, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही दोघं उंब्रजचे, एकाच वस्तीतले, बौद्ध झालेल्या घरांतले. माझी बोटं धरून पेटीवर फिरवली ती त्यांनीच. त्यांच्याच ताफ्यात मी क्लॅरिनेट वाजवायचो.

पडद्यावर फौजेतला पोरगा गेल्याची तार येते. आई उंबऱ्यात बसते. तिथं अण्णांनी नुसती हलगी ठेवली होती. थांबून थांबून. बाकी काही नाही.

मालक माझ्याकडं वळले. “तू कर रं नवं म्युझिक. व्हायोलिनं घाल. नाव तेवढं बदलू तुझं. तुझं आडनाव पडद्यावर नको.”

मी व्हय म्हणालो. अण्णांच्या देखत. क्षणभरही न थांबता.

बाहेर अण्णा माझी वाट बघत होते. वाटलं, शिव्या देतील.

“चांगलं कर गड्या,” म्हणाले. “त्या आईच्या सीनला लय गर्दी करू नगो.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गर्दीच केली. कोल्हापूरच्या स्टुडिओत एवढी व्हायोलिनं रडवली, की पडद्यावरची आई दिसेनाशी झाली. ऐकताना स्वतःची शिसारी आली. तरी म्हणालो, ओके.

पिक्चरात गावच्या महाराचं एक पात्र होतं. दारू पिऊन चावडीपुढं लोळायचं. तो सीन आला तसे मालक म्हणाले, “हितं अण्णाची ती जुनी हलगी लाव. पब्लिक पोट धरून हसंल.”

आईच्या दुःखाला जी चालली नाही, ती आमच्या माणसाच्या लोळण्याला चालणार होती. डोक्यात लख्ख पडलं. आमचं रडणं ह्यांना सोसत नाही. आमचा तमाशा पाहिजे.

“न्हाई लावणार.”

“काय म्हणालास?”

“न्हाई लावणार. माझंबी काढा. माझा एक सूर ठेवू नका ह्यात.”

“माजलास व्हय रं? दुसरा आणीन.”

“आणा.”

त्यांनी आणला. पिक्चर लागला. अण्णांची टेप मालकांकडंच होती. दारुड्याच्या सीनला ती वाजली. उंब्रजच्या तंबूतल्या टॉकीजात लोक हसत होते. अण्णा माझ्या शेजारी बसले होते. शेवटपर्यंत बसले. पण परत कधी त्यांनी वाद्याला हात लावला नाही.

मी नाही म्हणालो, पण उशिरा. अण्णांना त्याचा उपयोग झाला नाही. हे मी कुणाला गोड करून सांगत नाही.

आता कुणी काम घेऊन आलं की आधी विचारतो, ह्याच्या आधी कुणी केलं होतं? का काढलं? म्हणतो, ज्याला काढलं त्याच्याच तोंडून ऐकेन. खोट त्याच्या कामात नसेल, तर तुमचं काम मला नको. उपाशी राहीन. पण कुणाचं पुसून त्यावर वाजवणार नाही.