दुसऱ्या गिअरमधला आवाज

माझी पोस्टिंग कल्याणला झाली, ती पथकाच्या जीपवर. मी फौजी नाही. फौजी माझे मालक होते, आर्मीत ड्रायव्हर. पेन्शनीवर आले आणि दुसऱ्याच वर्षी गेले. तेराव्याला त्यांचे उस्ताद सुभेदारसाहेब डोंबिवलीला आमच्या घरी आले. म्हणाले, "तू गाडी चालवतेस ना? मग घरात बसून काय करणार? उद्यापासून ये."

सुभेदारसाहेबांनी निवृत्त जवानांचं एक पथक काढलेलं. पूर आला, इमारत पडली, आग लागली की जायचं. एक पत्र्याची शेड, समोर मैदान, एक जुनी जीप, एक वायरलेस. पण शिस्त पूर्ण फौजेची. सकाळी सहाला फॉल-इन. उशीर झाला तर मैदानाला चकरा. रँक निवृत्तीनंतरही तीच. माझं शिक्षण चौथी. वायरलेसवर इंग्रजी बोलावं लागेल म्हणून सुरुवातीला मी त्या सेटला हातच लावत नव्हते. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी माझा घसा बसायचा.

गाडीत माझ्याबरोबर लान्स नायक भोईर असायचे. कोनगावकडचे, आगरी. उंच, आवाज मोठा, पाण्यातला माणूस. मला वयनी म्हणायचे. मी बोलत नाही म्हणून ते दोघांचं बोलायचे. जीपचं नाव त्यांनी म्हातारी ठेवलेलं.

गाडी मला आधीपासून येत होती, पण कान सुभेदारसाहेबांनी दिला. रोज परेड झाली की ते मला जीपमध्ये बसवायचे आणि स्वतः बॉनेटजवळ डोळे मिटून उभे राहायचे.

"न्यूट्रल. क्लच सोड. काय ऐकू येतं?"

"घूं घूं येतंय, साहेब."

"क्लच दाब."

"गेला."

"म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज आला असता तर क्लचचं बेअरिंग. लक्षात ठेव."

असं त्यांनी सगळं शिकवलं. गिअर टाकताना कर्र झालं तर आधी आपला पाय बघायचा, क्लच पूर्ण दाबला का. पाय बरोबर असेल आणि एकाच गिअरला कर्र होत असेल, तर त्या गिअरची पितळी रिंग झिजली. रिव्हर्सला कर्र होतं, कारण आपण घाई करतो. गाडी पूर्ण थांबली, क्षणभर दम धरला की मुकाट लागतो. आणि एखाद्या गिअरमध्ये गाडी चालताना सतत रडत असेल, तर आत काहीतरी खलास होत आलंय. तेव्हा गाडी खोलायची, चालवायची नाही.

आमची म्हातारी दुसऱ्यात रडायची. मी सांगितलं. साहेब म्हणाले, "माहीत आहे. इन्स्पेक्शन झालं की खोलू."

इन्स्पेक्शन म्हणजे पथकाला मदत देणारे मोठे पाहुणे येणार होते. मग आठवडाभर आम्ही फौजेत करतात ते सगळं केलं. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना. आगीच्या बादल्या लाल रंगवल्या. त्यांत वाळू नव्हती, पण रंग ताजा होता. कुजलेले दोर शेडच्या मागे टाकले आणि कुठून तरी नवीन दोर आणून टेबलावर वेटोळं करून ठेवला. भोईरभाऊ चुना मारता मारता म्हणाले, "वयनी, पूर आला की त्याला सांगू, दोन दिस थांब, चुना वला हाय."

मी हसले. साहेब लांबून ओरडले, "भोईर! चकरा मारायच्यात का?"

"नाय साब!"

इन्स्पेक्शनच्या सकाळी मी जीप चालू केली. पहिला टाकला, दुसरा टाकला. आवाज नव्हता. रडणं गेलेलं. न्यूट्रलमधली घूं घूंसुद्धा नव्हती. गाडी अशी चाललेली की जणू कुणी तिच्या तोंडावर उशी धरलीय. आणि गिअरचा दांडा जड लागत होता.

भोईरभाऊ म्हणाले, "म्हातारीचा दमा एका रातीत कसा बरा झाला गं?"

मी साहेबांकडे गेले. स्वतःहून त्यांच्यापुढे जाऊन बोलायची माझी ती पहिलीच वेळ. "साहेब, दुसऱ्यातला आवाज गेलाय. दांडा जड लागतोय."

"तेल बदललं," ते म्हणाले. "रडत होती तेव्हा तक्रार, गप्प झाली तरी तक्रार? जा, गाडी पुसून घे."

पाहुणे आले. जीपमध्ये बसून मैदानाला एक फेरी मारली. म्हणाले, "जुनी गाडी, पण काय मेंटेन केलीय!" साहेबांनी कडक सॅल्यूट ठोकला. मला बरं वाटलं नाही. पण ज्या माणसाने मला कान दिला, तोच म्हणतोय ठीक आहे, तर ठीकच असेल असं मी धरलं.

इन्स्पेक्शन झालं. गाडी खोलली नाही. पुढच्याच आठवड्यात वालधुनी नदीचं पाणी चढलं.

दुपारी दोनच्या सुमारास ऑर्डर आली. नदीकाठच्या चाळीत एक म्हातारं जोडपं आणि एक बाळंतीण अडकलेली. मी आणि भोईरभाऊ निघालो. गल्ली उताराची, एका गाडीपुरती. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू उतरले. पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत होतं. भोईरभाऊंनी तिघांना आणि बाळाला आणून मागे बसवलं. आता फक्त रिव्हर्स टाकून तो चढ चढायचा होता. वीस पावलांवर कोरडा रस्ता.

गाडी पूर्ण थांबवली. क्लच दाबला. दम धरला. दांडा ओढला.

दांडा हलला नाही. कर्र नाही, खट नाही, काहीच नाही. सिमेंटमध्ये पुरल्यासारखा. कर्र झालं असतं तर मला धीर आला असता. काय करायचं ते मला माहीत होतं.

"कंट्रोल, गाडी वन. रिव्हर्स लागत नाही. ओव्हर."

"गाडी वन, न्यूट्रल कर, परत टाक. ओव्हर."

"न्यूट्रल होत नाही, साहेब. पहिल्यातच अडकलाय. ओव्हर."

"क्लच पूर्ण दाब."

"दाबलाय, साहेब."

साहेब म्हणाले, "ढकला."

मी क्लच दाबून धरला. भोईरभाऊंनी आणि चाळीतल्या दोघांनी पुढून रेटा दिला. क्लच दाबल्यावर चाकं मोकळी व्हायला हवीत. झाली नाहीत. आतून सगळं आवळून बसलेलं. पाणी दाराच्या फटीतून माझ्या पायाशी आलं.

भोईरभाऊ खिडकीशी आले. "वयनी, आपली म्हातारी गेली. गारी सोर. मानसं काढू."

त्यांनी दोराचं एक टोक जीपला बांधलं, दुसरं वरच्या खांबाला. दोर टेबलावरचा नव्हता. तो नवा इन्स्पेक्शन झाल्यावर परत गेलेला; हा शेडच्या मागे टाकलेल्यांपैकी होता. बाळ छातीशी आणि बाळंतिणीचा हात धरून ते गेले. परत आले, आजींना पाठीवर घेऊन गेले. परत आले, आजोबांना नेलं. आजोबा वाटेत म्हणत होते, "माझी चप्पल राहिली." भोईरभाऊ म्हणाले, "उद्या तुना नवी देतो, आता मान सोर माझी."

मग ते मला न्यायला निघाले. मी जीपच्या टपावर होते. त्यांनी मला हात केला. मधे कुठेतरी गटाराचं झाकण वाहून गेलेलं. ते पाण्यात खाली गेले. दोराला एक हिसका बसला, मग दोर तुटून सैल झाला. मी हाका मारल्या. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं.

मला फायर ब्रिगेडने उतरवलं. भोईरभाऊ दुसऱ्या दिवशी पुलाखाली सापडले.

पाणी ओसरल्यावर जीप ओढून ठाण्याला नेली. खोपटला एसटी डेपोच्या मागे एक गॅरेज आहे. साहेब होते, मी होते. मेकॅनिकने खालचा नट खोलला. तेल आलं नाही. त्याने तार घालून ढोसलं. मग एक तपकिरी लगदा लोंबत खाली आला, नासलेल्या खळीसारखा. जळक्या लाकडाचा वास सुटला. मेकॅनिकने बोटावर घेऊन चोळला आणि नाक मुरडलं.

"लाकडाचा भुसा आहे. विकायला काढलेली का गाडी?"

"का?" मी विचारलं.

"रडणारा गिअरबॉक्स गप्प करायचा तर हे लबाड लोक भुसा घालतात, ताई. गिऱ्हाईक चक्कर मारून जाईपर्यंत पुरतो. मग तेल पिऊन फुगतो, बेअरिंग कोरडं पडतं, सगळं जाम. कुणी घातला हा?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "इन्स्पेक्शन होतं. आमच्या युनिटमध्ये एकदा केलेलं. चालून गेलेलं."

मेकॅनिक हात पुसत राहिला. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाहुण्यांपुढे गाडी रडली असती तर मदत बंद झाली असती. पथक बुडालं असतं. हे बाहेर काढू नकोस. भोईर शहीद झालाय, त्याच्या नावाला चिखल लागेल."

डोळे मिटून बॉनेटजवळ उभा राहणारा तो माणूस मला आठवला. आवाज म्हणजे काय हे त्याच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. आणि त्याच हाताने त्याने मूठमूठ भुसा आत सारलेला. न कळून करणाऱ्याला मी माफ केलं असतं.

मेकॅनिककडून मी एक रिकामा डबा मागून घेतला.

शोकसभा मैदानातच झाली. दगडांना परत चुना मारलेला. मधे भोईरभाऊंचा वर्दीतला फोटो. साहेब बोलायला उभे राहिले. "ऐन वेळी जुन्या गाडीने दगा दिला, पण आमचा जवान हटला नाही." मग, "सावधान!" सगळे ताठ उभे राहिले, साहेब फोटोला सॅल्यूट करून. मी बसून राहिले.

एकेक जण पुढे जाऊन फूल वाहत होता. माझी पाळी आली. मी डब्याचं झाकण काढलं आणि डबा फोटोपुढे ठेवला. फुलांच्या वासात तो जळका वास मिसळला. पुढचे लोक नाकाला रुमाल लावून मागे सरकले.

भोईरभाऊंची बायको जवळ आली. "यो काय हाय, वयनी?"

घसा बसला नाही. "म्हातारीच्या गिअरबॉक्समधला भुसा आहे. इन्स्पेक्शनला आवाज येऊ नये म्हणून घातलेला. कुणी घातला ते साहेबांना विचारा."

ती साहेबांकडे वळली. साहेबांचा हात सॅल्यूटमध्ये कपाळाशीच होता. तो खाली कसा घ्यायचा हे त्यांना सुचत नव्हतं.

"बोला साब," ती म्हणाली. "माझा मानूस सगल्यांना ऐकू जाईल असा बोलायचा. तुमीपन तसंच बोला."

साहेब बोलले. हळू बोलले, पण सगळं बोलले. मी पूर्ण ऐकायला थांबले नाही; बाकीचं मला नंतर कळलं. गेटपाशी वर्दीचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि निघाले.

आता मी वर्तकनगरमध्ये एका पाळणाघराची व्हॅन चालवते. तिसऱ्याला ती कर्र करते. मुलं हसतात. मी तिला तशीच गॅरेजला नेते आणि खोलून बघायला लावते.

लान्स नायक काशिनाथ भोईर. ते गेले तेव्हा चार जीव कोरड्यात पोचलेले होते. आजोबांना नवी चप्पल मी नेऊन दिली.