कमान शोधत धानोऱ्याला

चंद्रपूरला उतरले तेव्हा नोव्हेंबर असूनही ऊन चटके देत होतं. कशासाठी आलात, असं लॉजवाल्यानं विचारलं. आमच्या शहरातलं जुनं नाट्यगृह पाडलं, त्याची कमान इकडे आहे म्हणतात, ती शोधायला आले, असं मी सांगितलं. त्यानं माझं ओळखपत्र पुन्हा एकदा नीट पाहिलं.

नाट्यगृह व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. बिडाचे खांब, घोड्याच्या नालेच्या आकाराचा सज्जा आणि रंगमंचाच्या कपाळावर ही सागवानी कमान. नकाशा विलायती, पण कोरणारे हात आपले, म्हणून वेलबुट्टीत मध्येच पोपट आणि सीताफळं. पुढे तिथे सिनेमे लागले, सज्जा मोडून गाळे काढले आणि शेवटी सगळंच पाडून वाहनतळ केला. मी वास्तुरचनाकार. लहानपणी त्या कमानीकडे तोंड करून पुष्कळ नाटकं पाहिली. म्हणून नव्या संग्रहालयात तिच्यासाठी एक भिंत भांडून रिकामी ठेवून घेतली होती. कमान आणली नाहीत तर तिथे पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसवू, असं मला बजावलं होतं.

कमान ज्यांच्याकडे आहे असं कळलं होतं, त्या रशीदभाऊंचं सुतारकामाचं दुकान लगेच सापडलं. त्यांचे वडील त्या नाट्यगृहात सुतार होते. पाडकामाच्या वेळी कमान जळाऊ लाकडाच्या भावात निघाली, तेव्हा ती घेऊन ते गावी परतले.

"अब्बा म्हणत, लकडी अहेरीकडच्या जंगलाची आहे, तिले घरी घेऊन जाऊन राह्यलो," रशीदभाऊ रंधा न थांबवता म्हणाले. "पण इथी नाई ते. नाटकाचा सीझन सुरू झाला न. धानोऱ्याकडं सुमनबाईच्या नाटक कंपनीजवळ आहे. त्यायनं हो म्हटलं त माही हरकत नाई."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"त चहा पिऊन वापस या."

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीवरून धानोऱ्याची बस धरली. दोन्ही बाजूंना जंगल, मध्येच धान कापून मोकळी झालेली बांधी (भाताचं खाचर). अशाच एका बांधीत नाटकाचा मंडप उभा राहत होता. जमिनीवर तनीस (भाताचा पेंढा) अंथरणं चाललं होतं, आणि रंगमंचापुढे माझी कमान उभी होती.

आकार तोच. पण अंगभर निळा रंग, वर कंपनीच्या नावाचा कापडी फलक खिळ्यांनी ठोकलेला, आणि नक्षीचा मागमूस नाही. सपाट फळी. कोणीतरी रंधा मारून सगळं कोरीवकाम उडवलं होतं. मला रडूच आलं. आधारासाठी मी तिलाच टेकले.

"टेकू नका बाई, रंग ओला आहे," मागून आवाज आला. तोवर माझा कुडता निळा झाला होता. त्या सुमनबाई, कंपनीच्या मालकीण आणि मुख्य नटीही. मी कुडता सोडून नक्षीचंच विचारलं.

"नक्षी कुठी जाईन? मांगं या."

रंगमंचावर चढून मागे वळून पाहिलं. वेली, पोपट, सीताफळं, सगळं जागच्या जागी. वारा, धूळ, खिळे सारं पुढच्या बाजूनं झेललं होतं. आतली नक्षी काल कोरल्यासारखी होती. एका पोपटाच्या चोचीला आरसा टांगलेला होता.

"उलटी का लावली?" मी विचारलं.

"उलटी काऊन? बोर्ड ठोकाले सपाट बाजू लागते. आन् रशीदभाऊचे वडील म्हणत, पब्लिक तुमाले पाहाले येते, कमानीले नाई. तुमाले त काही चांगलं दिसू द्या." त्यांनी खालच्या एका सीताफळावर हात ठेवला. त्याचे डोळे झिजून ते गुळगुळीत झालं होतं. "पहिल्या एन्ट्रीले अजूनई भेव वाटते. याले हात लावतो आमी सारे, मंग जातो."

जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि भरपूर सांबार (कोथिंबीर) घातलेली वांग्याची भाजी होती. जेवता जेवता मी संग्रहालयाचं सांगितलं. सुमनबाईंनी माझ्या पानात आणखी भात वाढला.

"रशीदभाऊची वस्तू आहे. तुमी एवढ्या लांबून आल्या, न्याची असन त न्या," त्या म्हणाल्या. "एक सांगा. तिथी तिले हात लावू देतीन का?"

आमच्या संग्रहालयात प्रत्येक वस्तूखाली 'हात लावू नये' अशी पाटी आहे. मी पानातला भात संपवला आणि पिशवीतून टेप काढला. त्याचं दुसरं टोक सुमनबाईंनी धरलं. दुपारभर मी कमान मोजली, कागदावर उतरवली आणि तिथेच ठेवून निघाले. परतताना फार वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

चंद्रपुरात रशीदभाऊंनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, निळ्या कुडत्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. मी त्यांना एक काम सांगितलं.

संग्रहालयाच्या त्या भिंतीवर आता ठरल्याप्रमाणे पाण्याचं यंत्र आहे. वर माझं कमानीचं चित्र, आणि यंत्राशेजारी, हात पोचेल अशा उंचीवर, रशीदभाऊंनी कोरून दिलेलं एक सागवानी सीताफळ. त्याखाली पाटी लावू दिली नाही. पाणी प्यायला येणारी शाळेची मुलं ओल्या हातानं ते चाचपून जातात. परवा मीही हात लावून पाहिला. एका बाजूनं ते गुळगुळीत व्हायला लागलंय.