शेगडीची पिन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. शोभाला — माझ्या बायकोला — तीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही. पोरगी पुण्यात नोकरीला आहे, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हेही भेकडपणाचंच झालं म्हणा. पण सांगतो.

आधी मी कोण ते सांगतो, कारण गोम तिथंच आहे. मी लातूरला आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवायचो. दरवर्षी नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात एक धडा ठरलेला — काम झालं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. ओव्हन असो, किटली असो, शेगडी असो. एक तर पिन आत राहिली की काही वस्तू बंद असूनही थोडी थोडी वीज खात राहतात. आणि दुसरं म्हणजे, लाइट गेली की माणूस वस्तू विसरतो, लाइट आली की वस्तू माणसाला विसरत नाही. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं. पोरं वहीत उतरवून घ्यायची. मला बरं वाटायचं.

हाच धडा मी घरात अव्वालाही शिकवला होता. अव्वा म्हणजे माझी आई. अप्पा गेल्यावर ती किल्लारी सोडून आमच्याकडं लातूरला राहायला आली. तोवर तिचा सगळा जन्म चुलीवर आणि पुढं गॅसवर गेलेला. शहराच्या स्वयंपाकघरातल्या वायरी बघून ती बिचकली. मी तिला हाताला धरून एकेक दाखवलं — हे बटण, ही पिन, ही अशी धरून ओढायची, वायरीला धरून नाही. दाराजवळ हा मेन स्विच. काही पेटलं तर आधी हा खाली, मग पाणी.

तिनं ते देवाधर्मासारखं धरलं. मिक्सर फिरवून झाला की पिन बाहेर. किटली, पिन बाहेर. शोभाचा मोबाईल चार्ज झाला की चार्जरसुद्धा काढून वायर गुंडाळून ठेवायची. कॉइलच्या शेगडीसाठी तिनं भिंतीत खिळा ठोकून घेतला होता. शेगडी झाली की पिन त्या खिळ्याला. शोभा हसायची, मी हसायचो. भूकंपात पडक्या भिंतीखालून धाकट्या बहिणीला ओढून काढणारी बाई आता किटलीला भिते, असं मी पाहुण्यांपुढं बोलायचो. अव्वा म्हणायची, "तूच सांगितलं न्हवं का?"

तर ते उन्हाळ्याचे दिवस होते. घरात गॅस संपला होता, नवी टाकी यायची होती. सकाळी अव्वानं शेगडीवर दूध तापवलं. शोभा तिच्या शाळेत गेली — ती गावातल्या झेडपीच्या शाळेवर मास्तरीण. मी आयटीआयत. जेवण झाकून ठेवून अव्वा गल्लीतच एका घरी शेवया करायला गेली. गल्लीतल्या सगळ्या बायका तिथंच होत्या.

दुपारी मला परीक्षेवर ड्युटी होती, त्याआधी तासभर मोकळा. मी घरी आलो. रोज येत नसे. त्या दिवशी आलो.

थोडं थांबतो. इथून पुढं प्रत्येक वाक्य लिहिताना वाटतं, हे खोडावं.

वरण गार होतं. मी शेगडीची पिन खिळ्यावरून काढली, लावली, बटण दाबलं. कॉइल लाल झाली. वरणाचं पातेलं ठेवलं आणि दोन मिनिटांत लाइट गेली. वाट बघितली. आली नाही. पातेलं खाली उतरवून तसंच कोमट वरण घेतलं, भाकरी खाल्ली. ओट्यावर कुरडयांची ताटं वाळत घातलेली, जागा नव्हती. म्हणून भाकरीची दुरडी — फडक्यात गुंडाळलेल्या भाकरींची बांबूची दुरडी — मी विझलेल्या शेगडीवर ठेवली. हात धुतला. कुलूप लावलं आणि गेलो.

बटण बंद केलं का? नाही. पिन काढली का? नाही. वीस वर्षं जे पोरांकडून घोकवून घोकवून घेतलं, त्यातलं एकही केलं नाही.

लाइट कधी आली मला माहीत नाही. अव्वा तीनच्या सुमाराला परत आली तेव्हा दाराच्या फटीतून धूर येत होता. दुरडी पेटली होती, वरची प्लास्टिकची मांडणी वितळून खाली गळत होती, खिडकीचा पडदा जळत होता. शेजारच्या बाईनं पुढं आम्हाला सांगितलं — अव्वा आत शिरली ती सरळ मेन स्विचकडं. आधी तो खाली केला. मग बादली. पाण्यानं बाकीचं विझलं, पण दुरडी धुमसतच होती. खाली पडली तर सगळं पुन्हा पेटेल म्हणून तिनं ती हातानं उचलून मोरीत टाकली. डाव्या हातानं, कारण उजव्यात बादली होती.

डावा तळहात गेला. म्हणजे हात राहिला, पण कातडी आवळून आली; बोटं पुरती उघडेनात. आम्ही लिंगायत. इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजा करायची, हा तिचा लग्नाच्याही आधीपासूनचा नेम. त्यानंतर तळवा सपाट होईना, लिंग नीट बसेना. ती उजव्या हाताच्या बोटांनी डावा हात उघडा धरून ठेवायची. मग भस्म लावायला हात कुठला? शोभा लावून द्यायची.

पण माझा गुन्हा आग नाही. आग कुणाच्याही हातून लागते. मी तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर शोभानं जळकी शेगडी बघितली, सॉकेटमध्ये वितळून चिकटलेली पिन बघितली. मला विचारलं, "तुम्ही दुपारी आला होता का घरी?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. एक शब्द. का म्हणालो? लाज वाटली म्हणून. इलेक्ट्रिशियनच्या मास्तराच्या घरात मास्तरानंच पिन ठेवली, हे गल्लीत कळेल, आयटीआयत कळेल म्हणून. तुम्हाला वाटेल काही मोठं कारण असेल. नाही.

मी नाही, शोभा नाही, मग उरलं कोण? अव्वा कॉटवर हाताला पट्टी बांधून बसली होती. ती म्हणाली, "मी दूध तापवून पिन काढली व्हती. खिळ्याला अडकवली व्हती. मला याद हाय. दुरडी बी म्या तिथं न्हाई ठिवली."

शोभा समजुतीनं म्हणाली, "होतं अव्वा असं कधी कधी. वयाचं असतं."

अव्वानं माझ्याकडं बघितलं. मी पट्टीकडं बघत बसलो.

गंमत बघा — कडू गंमत. अव्वा एवढी पक्की होती की तिच्या हातून पिन राहणं शक्यच नव्हतं, हे सगळ्यांना माहीत. म्हणून मग एकच अर्थ निघत होता: तिचं डोकं चालेनासं झालंय. शोभा काळजीनं म्हणाली, डॉक्टरला दाखवू. मी नको म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी गाडी काढली.

डॉक्टरनं अव्वाला वार विचारला, महिना विचारला. तिनं तिथीसकट सांगितलं. मग त्यांनी मला विचारलं, "विसरणं कधीपासून आहे?"

मी सांगितलं, "वर्ष झालं असेल. गॅस चालू ठेवते. एकदा नळ ठेवला होता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते."

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. गॅस नाही, नळ नाही, काही नाही. मी तिथं बसून, आईच्या शेजारी बसून, हे घडवून घडवून सांगत होतो. पेटल्या घरात आधी मेन स्विच खाली करायचा, हे जिच्या लक्षात राहिलं, तिला मी विसरभोळी ठरवत होतो.

अव्वा भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग हळूच डॉक्टरला म्हणाली, "ह्यो म्हणतोय तर असंल बाबा. ह्यो खोटं न्हाई बोलत."



डॉक्टरनं गोळी लिहून दिली. घरी आल्यावर शोभानं ठरवलं की आम्ही दोघं बाहेर असताना स्वयंपाकघराला कुलूप लावायचं. कुलूप मी आणलं. अव्वाच्या समोर कडी बसवली. दिवसभर तिच्यासाठी बाहेर टेबलावर डबा आणि पाण्याचा तांब्या.

महिन्या-दोन महिन्यांनी ती एकटी एसटीनं किल्लारीला बहिणीकडं जायची, ते आम्ही बंद केलं. कुठं भलत्याच फाट्यावर उतरली तर? असं मीच म्हणालो.

आणि मग ती खरंच विचारायला लागली. आंघोळ झाली का माझी? गोळी घेतली का? चार्जर काढून ठेवायची, पाच मिनिटांनी परत येऊन रिकाम्या सॉकेटवर बोट फिरवायची, पुन्हा जायची, पुन्हा यायची. विसरायला लागली म्हणून नव्हे, स्वतःवरचा भरवसा गेला म्हणून. डोळ्यांनी बघितलेलंही तिला खरं वाटेना. शोभा म्हणायची, आजार वाढतोय. आजार कसला? तो मी दिला होता. "काढली अव्वा, काढली," मी पेपरातून मान वर न करता सांगायचो, आणि ती माझ्या शब्दावर निर्धास्त व्हायची.

आणखी एक सांगायचं राहिलंय. हे सांगू नये असं फार वाटलं. आयटीआयत तो धडा मी पुढंही शिकवत राहिलो. आता त्याला एक उदाहरण जोडलं होतं — एका घरात एक म्हातारी बाई शेगडीची पिन काढायला विसरली, तिचा हात कसा गेला. पोरं गप्प होऊन ऐकायची. ते उदाहरण चांगलं लागू पडायचं. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बॅचला दिलं.

आगीनंतर पाच वर्षांनी अव्वा गेली. छातीत कफ भरला, आठ-दहा दिवस अंथरुणावर होती. जाण्याच्या दोन दिवस आधी, सकाळच्या वेळी, तिनं शोभाला जवळ बोलावलं. शोभा चहाची कपबशी हातात घेऊनच बसली. मी पलीकडं खुर्चीवर होतो.

अव्वा म्हणाली, "पोरी, तुझं सैपाकघर जाळलं म्या. तुझी मांडणी गेली, भांडी गेली. तू कधी बोलली न्हाईस. माफ कर."

शोभा रडायला लागली. म्हणाली, "असं काय बोलता अव्वा, तुमच्या हातून मुद्दाम झालं का?"

अव्वा म्हणाली, "मुद्दाम न्हाई. पर झालं ते माझ्याच हातनं."

मग तिनं माझ्याकडं वळून पाणी मागितलं. मी उठलो, चमच्यानं पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि परत खुर्चीवर जाऊन बसलो.