पदराआडचा आवाज

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस पुसट झाल्या, पण पारोळ्याजवळच्या खेड्यातली ती घटना अजून तशीच डोळ्यांसमोर आहे.

एका शेतकऱ्याने बायको हरवल्याची तक्रार दिली होती. माहेरी निघाली, पोहोचलीच नाही, असं त्याचं म्हणणं. आमचा शोध चालू असतानाच पोलीस नियंत्रण कक्षाला एका बाईचा फोन आला.

"ती कोठेच गई नई. मळानी विहीरमा दखा."

एवढं बोलून फोन बंद झाला.

त्याच्याच मळ्यातल्या विहिरीत मृतदेह सापडला. गळ्यावर वळ होते. पाय घसरला असेल, असं नवरा सांगत राहिला. फोन करणारीने काहीतरी पाहिलं होतं, हे उघड होतं. मोबाईल बसस्टँडवरच्या एका प्रवाशाचा निघाला. तोंडावर पदर धरलेल्या म्हातारीने तो मागून घेतला होता. चेहरा त्याने पाहिला नव्हता.

त्या मळ्यात घरच्यांशिवाय कुणी फिरकत नसे, आणि त्या घरात म्हातारी एकच, नवऱ्याची आई. तिने साफ नाकारलं. मी जोर केला नाही. न्यायालयाच्या परवानगीने पंचांसमोर तिच्या आवाजाचा नमुना घेतला आणि फोनच्या रेकॉर्डिंगसोबत प्रयोगशाळेकडे पाठवला.

तिथल्या तज्ज्ञाने मला दोन्ही आवाजांचे आलेख समजावून सांगितले. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर वारंवारता, म्हणजे स्वर किती उंच ते. अक्षरागणिक काळे पट्टे वर-खाली सरकतात. पदरामुळे वरचे पट्टे फिकटले होते. खालचे मात्र दोन्ही आलेखांत सारखेच वळत होते. नुसत्या अहवालावर खटला उभा राहणार नाही, हेही त्याने बजावलं.

म्हणून मी पुन्हा तिच्याकडे गेलो आणि अहवाल आल्याचं सांगितलं.  मग तिने सगळं सांगितलं. मुलाने सुनेचा गळा आवळताना तिने पाहिलं होतं. एकुलता एक मुलगा, मग फोन का केला, असं मी विचारलं.

"तिनी माय रोज दारमा ईसन बसे, साहेब. मनी पोर कोठे शे, इचारे. माले सहन व्हयनं नई." सुनेच्या आईचं ते रोज दारात येऊन बसणं तिला बघवलं नव्हतं.

न्यायालयात तिने मुलासमोर उभं राहून साक्ष दिली. त्याला जन्मठेप झाली. गावाने तिच्याशी बोलणं टाकलं.

साक्षीदार फुटला की आपण त्याला नावं ठेवतो. खरं बोलायला माणसाला काय काय सोडावं लागतं, ते मला त्या बाईकडे पाहून कळलं. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. तिचं झालं नाही. निकालानंतर ती कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून राहिली. गावाची एसटी निघून गेली, तरी उठली नाही.